दुसरी खुर्ची

पहिल्याच भेटीत एखादा पुरुष पायाशी लोळण घेतो, असं सत्यशीलाने होस्टेलच्या गप्पांत पुष्कळदा ऐकलं होतं. तिच्या बाबतीत ते खरोखर घडलं, आणि तेही भर वॉर्डात.

फेब्रुवारीतला सोमवार होता. जालन्यातल्या एका ट्रस्टच्या त्या छोट्याशा केंद्रात सहा खाटा होत्या आणि सहाही खाटांवर थॅलेसेमियाची मुलं. या मुलांच्या अंगात रक्त टिकत नाही. दर एकवीस दिवसांनी दुसऱ्याचं रक्त चढवलं की गालांवर रंग येतो, आणि पुन्हा हळूहळू उतरत जातो. चौथ्या खाटेवर सात वर्षांची राजनंदिनी दोन्ही हात पाठीमागे लपवून बसली होती, आणि सत्यशीला सिस्टर सुई घेऊन तिची मनधरणी करत होती.

"आज मम्मी न्हाई आली. मी न्हाई टोचून घेणार," राजनंदिनीने जाहीर केलं.

"मम्मीनं मामाला पाठवलं ना?" मागून आवाज आला. "हे बघ नंदू, आधी मामाला टोचतील, मंग तुला. टोचा मॅडम मला! आपण बिलकुल घाबरत न्हाई."

सत्यशीलाने वळून पाहिलं. उंचापुरा, सावळा, बाह्या दुमडलेल्या, मनगटावर ग्रीसचा पुसट डाग... आणि चेहऱ्यावर असं काही हसू की आपण सुई कुणासाठी उचलली होती हे ती क्षणभर विसरली. त्याने ऐटीत हात पुढे केला. गंमत म्हणून तिने सुईचं टोपण काढलं. एवढंच केलं हो तिने! त्याची नजर सुईवरून पंख्याकडे गेली, आणि तो धाडकन तिच्या पायाशी आडवा झाला.

राजनंदिनी एवढी हसली की हसता हसता तिने स्वतःच हात पुढे केला. "सिस्टर, जल्दी टोचा! मामा उठायच्या आत!"

तोंडावर पाणी शिंपडल्यावर त्याने डोळे उघडले. समोर सत्यशीलाचा चेहरा.

"झालं का टोचून?"

"तुम्हाला मी हातसुद्धा लावला नाही."

"मंग मी खाली कसा?"

"ते तुम्हीच सांगा," ती म्हणाली, आणि ओढणी सावरायच्या निमित्ताने तिने हसू लपवलं.

त्याचं नाव भारत. राजूरला देवळाच्या रस्त्यावर, हारवाला आणि पेढेवाला यांच्या मधोमध त्याचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान. गणपतीला आलेला माणूस हार घेतो, पेढे घेतो, आणि जाता जाता गळका पंप टाकून जातो. धंदा बरा चालायचा. पण त्या दिवसापासून दर एकवीस दिवसांनी दुकानाला कुलूप लागू लागलं. भाचीला जालन्याला न्यायला आई आहे, आजोबा आहेत... पण नाही, मामाच हवा!

इतरांचं प्रेम रोज थोडं थोडं वाढत असेल. यांचं एकवीस दिवसांनी वाढायचं. रक्ताची पिशवी उतरायला चार-पाच तास लागतात, आणि तेवढा वेळ भारत वॉर्डात काहीतरी शोधून दुरुस्त करायचा. एका खेपेला सलाइनच्या स्टँडचं चाक, दुसऱ्या खेपेला खाटेचा दांडा. एकदा तर रक्तदाब मोजायच्या यंत्राचा रबरी फुगाच त्याने खोलून मांडीवर घेतला.

"अहो, ते नाजूक असतं!" सत्यशीला धावली.

"पंपच हाय ना हा? हवा भरायची, हवा सोडायची. आपल्याच धंद्यातला." त्याने फुगा नीट बसवून पट्टा तिच्यापुढे धरला. "बघा मोजून. माझंच मोजा."

तिने मोजलं. "वाढलाय थोडा."

"इथं आलं की वाढतोच," तो छताकडे बघत म्हणाला. "राजूरला बराबर असतो."

सत्यशीलाने आकडा लिहिताना चुकीच्या रकान्यात लिहिला. चौथ्या खाटेवरून राजनंदिनी हे सगळं बारीक डोळ्यांनी बघत होती. "सिस्टर, सगळे तुम्हाला सिस्टर म्हणतात. मामाच मॅडम का म्हणतो?"

"गप गं, तुझं रक्त सांडंल," मामा घाईने म्हणाला. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

असं हे छान चाललं होतं. छान चाललेल्या गोष्टीत माशी शिंकायची तर ती बाहेरूनच यायला हवी असं थोडंच आहे! इथे ती सत्यशीलाच्या ट्रंकेतच होती.

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मुलींनी एकमेकींचं रक्त काढून सराव केला होता आणि ते नमुने तपासणीला गेले होते. सगळ्यांचे कागद साधे आले. सत्यशीलाच्या कागदावर लिहून आलं – थॅलेसेमिया वाहक. वाहक म्हणजे आजारी नव्हे. तो माणूस धडधाकट जगतो, त्याला कधी कळतही नाही. पण नवरा-बायको दोघंही वाहक निघाले, तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता असते की मूल राजनंदिनीसारखं जन्मेल. तिने तो कागद घडी करून ट्रंकेत तळाशी ठेवला, आणि चार वर्षं कुणाला सांगितलं नाही. जाफराबादला आई तिच्यासाठी स्थळं बघत होती, तिलाही नाही. सांगितलं तर एक स्थळ मोडेल, मग दुसरं, मग गाव बोलेल.

आणि हीच सत्यशीला रोज आयांना सांगायची, "लाज कसली ताई? हा कुणाचा दोष नाही. आईकडूनही येतं, वडिलांकडूनही येतं. दोघांकडून येतं." लोकां सांगे ब्रह्मज्ञान! रात्री केस विंचरताना आरशात स्वतःकडे बघायला तिला नको वाटायचं.

केंद्रात समुपदेशनाची एक खोली होती. टेबलापलीकडे गिरिजाबाई, म्हणजे केंद्राच्या इनचार्ज, आणि अलीकडे दोन खुर्च्या. नियम असा की नवरा-बायको दोघांनी यायचं, शेजारी शेजारी बसायचं, आणि दोघांच्या तपासणीची पाकिटं एकाच वेळी उघडायची. म्हणजे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायला जागा राहत नाही. नियम चांगला होता. पण दुसरी खुर्ची बहुतेक वेळा रिकामीच असायची.

राजनंदिनीची आई संध्या त्या खोलीत एकटीच बसली होती. अंबडहून तिचा नवरा आला नाही. त्याने तपासणी केली होती म्हणे, पण पाकीट कुणी कधी बघितलं नाही. उलट सासरच्यांनी ठरवून टाकलं की खोट राजूरच्या रक्तात आहे, आणि पोरीसकट संध्याला माहेरी आणून सोडलं. दोघं वाहक असल्याशिवाय असं मूल जन्मत नाही, हे गिरिजाबाईंनी फोनवर तीनदा सांगितलं. ज्याला ऐकायचंच नाही त्याला कोण काय सांगणार?

संध्या वाहक म्हणजे तिच्या भावालाही ते असण्याची निम्मी शक्यता. नातेवाइकांची तपासणी करून घ्या असं सांगणं हे सिस्टरचं कामच होतं. सत्यशीलाने ते काम केलं. पण कुणाच्या मनाने केलं? नर्सच्या की पोरीच्या? जुलैतल्या एका सोमवारी ती त्याला म्हणाली, "तुम्हीही तपासून घ्या ना. तुमच्याच भल्यासाठी." आणि म्हणताना तिला आतून माहीत होतं की हे सगळंच काही त्याच्या भल्यासाठी नाही. तो वाहक नसला तर आपल्याला लग्नाला हो म्हणता येईल, ट्रंकेतला कागद ट्रंकेतच राहील, आणि कुणाला काही सांगावंच लागणार नाही – असा तिचा हिशेब होता.

"सुईनं?" भारतचा चेहरा उतरला.

"फुंकर मारून रक्त निघत नाही."

तो स्वतःच्या हाताकडे बघू लागला. "आजवर डॉक्टरला बी टोचू दिलं न्हाई मी. पण तुम्ही म्हणता तर... फक्त बोलत राहा माझ्याशी. थांबू नका."

"काय बोलू?"

"काही बी. न्हाई तर मीच बोलतो. टाकी, झाकण, दट्ट्या, वायसर, नळी, नोझल..." डोळे घट्ट मिटून तो पंपाचे भाग मोजत राहिला. कपाळावर घाम आला होता. सत्यशीलाने एका टोचण्यात नमुना घेतला, कापूस दाबून धरला, आणि जरुरीपेक्षा थोडा जास्त वेळ धरला.

"झालं," ती हळूच म्हणाली.

त्याने एक डोळा उघडला. "पडलो न्हाई मी."

"नाही पडलात."

"तुमच्यावर भरोसा हाय म्हणून," तो म्हणाला. हे वाक्य पुढे तिला फार महागात पडलं.

तपासणीची पाकिटं संभाजीनगरहून गुरुवारी यायची, गठ्ठ्याने, चिकटवलेली. ती कपाटात ठेवायची, आणि ज्याचं पाकीट त्याच्यासमोर गिरिजाबाईंनीच उघडायची. त्या माणसाच्या आधी दुसऱ्या कुणाला कळता कामा नये. कपाटाची किल्ली सत्यशीलाकडे होती. विश्वासाची म्हणून तिच्याकडे होती.

त्या गुरुवारी दुपारी वॉर्ड रिकामा होता. बाहेर पाऊस भुरभुरत होता. तिने भारतचं पाकीट हातात घेतलं, खाली ठेवलं, पुन्हा घेतलं. मग मुलांना सर्दीला वाफ द्यायचं यंत्र तिने सुरू केलं आणि पाकिटाची चिकटवलेली कड त्या वाफेवर धरली. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! आईबापांनी हौसेने सत्यशीला नाव ठेवलं, आणि ही पोरगी चोरासारखी दाराकडे बघत दुसऱ्याचं पाकीट उघडत होती.

कागदावर तोच शब्द होता. वाहक.

डिंक लावून तिने पाकीट पुन्हा बंद केलं. पाकिटाचा कागद ओलसर होऊन कडेला किंचित फुगला होता. तो तिने तळव्याने दाबला, पण सपाट होईना. तिला भारतचं वाईट वाटायला हवं होतं. आधी स्वतःचंच वाटलं, आणि त्याचीही तिला लाज वाटली.

पुढच्या खेपेला तिने आकांक्षा सिस्टरशी ड्यूटी बदलून घेतली. त्याच्या पुढच्या खेपेला ड्यूटी बदलता आली नाही, म्हणून ती औषधांच्या खोलीत गोळ्या मोजत बसली. भारत वॉर्डात आला, इकडे तिकडे बघितलं, काहीही दुरुस्त न करता बसून राहिला. आधीच्या खेपेला गिरिजाबाई रजेवर होत्या; या दिवशी त्यांनी त्याला खोलीत बोलावलं आणि पाकीट उघडलं.

बाहेर आल्यावर व्हरांड्यात त्यांची गाठ पडली. चुकवायला जागाच नव्हती.

"मॅडम," तो म्हणाला. हसू नव्हतं, पण रागही नव्हता. "आत्ता समजलं मला. तुम्ही दीड महिना काहून दिसल्या न्हाई ते. गिरिजा मॅडम म्हणाल्या, बायको वाहक नसंल तर काही भीती न्हाई. पण... ज्यांना यातलं सगळं कळतं, त्यांनीच तोंड फिरवलं, म्हणजे भीती असंलच ना. बराबर केलं तुम्ही. खोट आमच्यातच हाय."

हीच वेळ होती. एकच वाक्य बोलायचं होतं – खोट तुमच्यात नाही, मीही वाहकच आहे. त्यातलं पहिलं अर्धं तर ती रोज दहा जणींना सांगायची. ती नुसती उभी राहिली. भारतने क्षणभर वाट बघितली, मान हलवली, आणि राजनंदिनीचा हात धरून तो जिना उतरून गेला.

त्यानंतर भारत आलाच नाही. पुढच्या खेपेच्या सोमवारी पोरीला घेऊन संध्या आली. पोरीचा जेवणाचा डबा उघडता उघडता ती म्हणाली, "भावाचं काही खरं न्हाई, सिस्टर. लग्नच करणार न्हाई म्हणतो. आई-बाबांनी एक पोरगी बघितल्ती, तिकडं निरोप पाठवून मोकळा झाला. म्हणतो, आपल्यात खोट हाय, कशाला कुणाच्या पोरीचं वाटोळं करू. अंबडच्यांनी मला जे म्हणलं, तेच आता तो स्वतःला म्हणून राह्यला." तिचे डोळे भरून आले. "तुम्ही सांगा ना त्याला समजावून. मला कसं सांगितलं होतं? की दोघांकडून येतं, एकाचा दोष नसतो..."

ते रोजचं वाक्य सत्यशीलाला आज म्हणता येईना. संध्याच्या नवऱ्याने काय केलं होतं? पाकीट लपवलं, आणि दुसऱ्याला एकट्याला मान खाली घालू दिली. आपण वेगळं काय केलं? त्या माणसाला ती आजवर न बघताच मनातल्या मनात किती शिव्या देत आली होती!

दुसऱ्या दिवशी रजा टाकून, ट्रंकेतला कागद पर्समध्ये घेऊन ती राजूरला जाणाऱ्या काळी-पिवळीत बसली. जीप भरेपर्यंत ड्रायव्हर निघेना. तेवढ्या वेळात ती दोनदा खाली उतरली आणि दोनदा परत बसली. शेजारची म्हातारी म्हणाली, "गणपतीला चालली का, माय? मंग एवढी घाबरती काहून?"

देवळाच्या रस्त्यावर मंगळवार असूनही गर्दी बेताची होती. भारतच्या दुकानासमोर पंपांची रांग लागली होती, कपाशीवर फवारणीचे दिवस होते. गुडघ्यांत एक पंप धरून तो नळी बसवत होता. तिला बघून हातातला पाना खाली पडला.

"मॅडम? तुम्ही? नंदूला काही..."

"नंदू बरी आहे. मी माझ्या कामाला आले."

"गणपतीकडं?"

"नाही. तुमच्याकडं."

त्याने फडक्याने स्टूल पुसून पुढे सरकवलं. ती बसली नाही. बसलं तर बोलणं जमणार नाही असं तिला वाटलं.

"तुमचं पाकीट मी आधीच उघडलं होतं. वाफेवर धरून. तुमच्या आधी मी वाचलं."

"माहीत हाय."

"काय?"

"दिवसभर मी खोललेले पंपच बघतो, मॅडम. कुणी आधी खोलून बसवलेला असला की हातात घेतल्याबरोबर कळतं. त्या पाकिटाची कड फुगल्ती. गिरिजा मॅडमनं फाडायच्या आधीच दिसलं मला." तो खाली बघत म्हणाला, "मी म्हणलं, आपल्या काळजीनं उघडलं असंल. त्यांना न्हाई बोललो मी काही. तुमच्या नोकरीचं..."

सत्यशीलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला आपण एकटं पाडलं, तो आपल्यालाच झाकत होता!

"तुमच्या काळजीनं नाही," ती म्हणाली. "माझ्या काळजीनं उघडलं." आणि पर्समधून काढलेला कागद तिने त्याच्यापुढे धरला. घडीवर झिजून कागद चार तुकड्यांत निघायला आला होता.

त्याने हात पुसून तो घेतला. वाचला. वरचं नाव पुन्हा वाचलं. "हे तर... हे तुमचं नाव हाय."

"चार वर्षांपूर्वीचं. मी कुणाला सांगितलं नाही. आईलापण नाही."

पलीकडे उलटा टांगलेला एक पंप थेंब थेंब गळत होता. कागद त्याच घडीवर मिटत भारत म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी व्हरांड्यात मी म्हणलो, खोट आमच्यात हाय..."

"हो."

"आणि तुम्ही ऐकून घेतलं."

"हो, ऐकून घेतलं." आणि मग दवाखान्यात चार वर्षं सांभाळलेली तिची शुद्ध बोली सुटली, जाफराबादची पोरगीच बोलू लागली. "माझी जीभच उचलली न्हाई हो! तुम्ही वाहक निघाले नसते ना, तर मी हासत हासत हो म्हणले असते आन् हे जन्मभर लपवलं असतं. इतकी लबाड हाय मी. संध्याताईच्या नवऱ्यानं तिच्याशी जे केलं, तेच मी तुमच्याशी केलं. मला आता रक्ताची लाज न्हाई वाटत. त्या गप ऱ्हाण्याची वाटती. झोप येत न्हाई मला." तिने डोळे पुसले. "आन् तुम्ही मला आवडता म्हणून उघडलं मी ते. हे बी सांगून टाकते. आता काय राहिलं झाकायचं?"

भारतचा चेहरा आधी उजळला, आणि लगेच मिटला. हाताच्या कोपराशी, जिथे तिने सुई टोचली होती, तिथे तो नकळत बोट फिरवत होता.

"तुमच्यावर भरोसा ठेवून हात पुढं केल्ता मी," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, म्हणूनच जास्त लागला. "लग्नाचं सोडा. तीन आठवडे मी स्वतःला काय काय म्हणलो, तुम्हाला न्हाई माहीत. आत्ता जा तुम्ही. जालन्याची गाडी लागली असंल. मला काही बोलता येत न्हाई आत्ता."

ती गेली. कागद त्याच्याच हातात राहिला.

जालन्याला उतरल्यावर घरी न जाता ती थेट केंद्रात गेली आणि गिरिजाबाईंसमोर किल्ली ठेवली. सगळं सांगितलं, वाफेच्या यंत्रासकट. गिरिजाबाई तीस वर्षं नोकरी केलेली कडक बाई. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी तुला घडवली असं लोकांना सांगत होते," त्या म्हणाल्या. बस्स, एवढंच. मग त्यांनी मेमो लिहिला, तिची सही घेतली, किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. सत्यशीला दाराशी पोहोचली तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या मुलाला सांगितलंस? तुझंही?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"जा म्हणाला."

"मग बरोबर म्हणाला," गिरिजाबाई म्हणाल्या. पण जाताना त्यांनी तिच्यासाठी चहा सांगितला.

त्या रविवारी तिने जाफराबादला जाऊन आईलाही सांगितलं. आई आधी रडली, मग रागावली. शेवटी म्हणाली, "चार वर्षं एकटीनं काहून वागवलं गं, बाई?" आणि सत्यशीला लहान पोरीसारखी तिच्या कुशीत शिरून रडली.

एकवीस दिवस म्हणजे किती, हे वॉर्डातल्या आयांना विचारावं. आता ते सत्यशीलालाही कळलं. सोमवार उजाडला. चौथ्या खाटेवर राजनंदिनी आली, तिच्यासोबत संध्या. आणखी कुणी नाही. सत्यशीलाने एका टोचण्यात सुई लावली. दाराकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं, तरी सहा वेळा बघून झालं.

"सिस्टर," राजनंदिनी म्हणाली, "तुम्ही आन् मामा सारखेच हाय का? मम्मी म्हणती, तुमच्या दोघांच्यात थोडी थोडी मी हाय."

संध्याने पोरीला डोळे वटारले, मग सत्यशीलाकडे बघितलं. ती नजर साफ नव्हती अजून. पण तिने शेजारची पिशवी उचलून सत्यशीलाला उभं राहायला जागा करून दिली.

तेवढ्यात समुपदेशनाच्या खोलीतून गिरिजाबाईंची हाक आली. "सत्यशीला, इकडे ये. इथे एक जण लग्नाआधीच्या समुपदेशनाला आलाय. जोडीने यायचं असतं हे माहीत नाही का, विचारलं, तर म्हणतो, जोडीदार ड्यूटीवर हाय."

तिच्या हातातला कापसाचा बोळा खाली पडला.

खोलीत भारत बसला होता. बाह्या दुमडलेल्या, मनगटावर तोच ग्रीसचा डाग. टेबलावर त्याने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले होते. एक कडेला फुगलेल्या पाकिटातला, एक घडीवर झिजलेला. झिजलेल्या कागदाला मागून पट्टी लावून त्याने तो जोडून आणला होता. दुरुस्ती केल्याशिवाय त्याला राहवतच नाही!

ती दारातच थांबली. "तुमचा राग..."

"हाय अजून," तो म्हणाला. "लई हाय. जायला टाइम लागंल. पण राग घेऊन बी बसता येतं ना माणसाला?" त्याने शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. "माझी बहीण इथं एकटीच बसल्ती. त्या दिवशी मीही एकटाच बसलो. म्हणलं, आता एकट्यानं न्हाई. चारात एक म्हणतात, पोटात असतानाच तपासता येतं म्हणतात, मूल नको असंल तर तेही ठरवता येतं म्हणतात... मला एकट्याला न्हाई कळत ते. आपण दोघं ऐकू. मंग तुम्ही न्हाई म्हणल्या तरी चालंल. पण ऐकून न्हाई म्हणा... सत्यशीला."

नाव घेताना त्याचा आवाज जरा अडखळला. गिरिजाबाई उगाचच रजिस्टर चाळू लागल्या.

सत्यशीलाच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं. चार वर्षांत पहिल्यांदाच तिचं नाव तिला बोचलं नाही. "मीही घाबरलेय हो," ती म्हणाली.

"घाबरलात तर बसा आधी. उभी माणसं पडतात. मला अनुभव हाय."

रडता रडता तिला हसू फुटलं. पुढे होऊन तिने खुर्ची ओढली, त्याच्या खुर्चीला लागेल एवढी जवळ, आणि ती बसली.

"हं," गिरिजाबाई चष्मा लावत म्हणाल्या. "दोघंही आहेत ना? मग करू या सुरुवात."